तमाशा फडाचा मॅनेजर एमबीएला अर्ज करतो तेव्हा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमोल माझ्याकडे पहिल्यांदा आला तो २०२२ च्या जूनमध्ये. (नाव बदललं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडेही थोडे बदलले आहेत.) मी तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवते आणि संध्याकाळी अभ्यासिकेत मुलांना इंग्रजी वाचायला बसवते. पाऊस सुरू झाला होता, म्हणजे फडाची सुट्टी होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लाल कापडी वही. म्हणाला, "मॅडम, मला एमबीए करायचंय. होईल का, ते आधी खरं सांगा."

दहावीला ६१ टक्के. बारावी आर्ट्‌सला इंग्रजीत गेला, पुरवणी परीक्षेत सुटला, सरासरी ५२. वडील नव्हते. मामा एका मोठ्या ढोलकी फडात ढोलकी वाजवायचे. २०१४ च्या दसऱ्याला त्यांनी भाच्याला फडात नेलं आणि तिकीटबारीवर बसवलं. दोन वर्षांनी मालकांनी हिशेबाची वही त्याच्याकडे दिली. बी. ए. त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलं, पुस्तकं ट्रकच्या केबिनमध्ये ठेवून. २०२१ मध्ये पदवी हातात आली, ५८ टक्के.

फडाचं अर्थकारण इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. आधीचे महिने कनात ठोकून तिकिटावर खेळ. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या. त्यासाठी पाडव्याआधी नारायणगावला राहुट्या लागतात आणि यात्रा कमिट्यांची माणसं येऊन फड ठरवतात. नारायणगावला तमाशा पंढरी म्हणतात ते यामुळेच. कलावंतांना आणि बिगाऱ्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. ती देण्यासाठी मालक स्वतः कर्ज काढतात. अमोलच्या फडात नव्वद माणसं होती, ट्रक, जनरेटर, आचारी धरून.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. उचल वाटून झालेली, कर्ज डोक्यावर आणि कमाईचे सहा आठवडे पुढ्यातून गेले. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत. त्या रिकाम्या दिवसांत अमोलने मालकांच्या कर्जांची यादी केली. सावकार शेकडा तीन घ्यायचा. महिन्याला शंभरामागे तीन रुपये, बोलायला हलकं वाटतं. वर्षाला ते छत्तीस टक्के होतात, हे फडात कोणीच कधी मांडून पाहिलं नव्हतं. त्यानेही नाही. "पाच वर्षं वही माझ्या हातात होती मॅडम, आणि मला हे दिसलं नव्हतं." एमबीए का, याचं त्याचं उत्तर हे होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी इतकं नेमकं उत्तर मी क्वचितच ऐकलं आहे. आणि पुढचे आठ महिने तेच उत्तर लपवायला मीच त्याला शिकवलं.

अडचण

आपल्याकडे व्यवस्थापन संस्थांचा प्रवेश सहसा दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात तुमचा अर्ज माणूस वाचत नाही, सूत्र वाचतं. अहमदाबादच्या आयआयएमचंच घ्या. मुलाखतीची यादी करताना तिथे कॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांच्या जोडीला दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि कामाचा अनुभव मोजतात. बंगळुरूतही शालेय गुणांना वजन आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळालेले गुण पंचविशीत बदलता येत नाहीत. ६१ आणि ५२ घेऊन या रांगेत उभं राहणाऱ्याला कॅटमध्ये फार वर जावं लागतं, आणि तेवढ्यानेही भागेल असं नाही.

अनुभवाचा आधार वाटत होता, तो नियम वाचल्यावर निसटला. बहुतेक ठिकाणी पदवीनंतरचा, पूर्णवेळ, पगारी अनुभवच धरतात. अमोलची आठ वर्षं सूत्रात शिरल्यावर जेमतेम एक वर्ष उरली. त्या एका वर्षाचाही कागद नव्हता. नेमणुकीचं पत्र नाही, पगारपत्रक नाही, प्राप्तिकराचं विवरण नाही. पगार रोख, तोही निम्मा उचलीत वळता.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीची त्याला सगळ्यात जास्त धास्ती होती. ती मात्र विनाकारण. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी प्रवेशाला चालते आणि ५० टक्क्यांची अटही तो पार करत होता. हे समजायला आम्हाला एक दुपार लागली. त्या धास्तीपायी त्याने एक अख्खं वर्ष घालवलं होतं.

आणि शेवटची अडचण कोणत्याही रकान्यात न बसणारी. "काय काम करता?" या प्रश्नाला तो "इव्हेंटमध्ये आहे" असं सांगायचा. मुली बघायला गेला तेव्हाही हेच सांगितलं होतं म्हणे.

पर्याय

आम्ही चार वाटा मांडल्या.

पहिली, राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी. दोनशे प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. प्रवेश गुणवत्ता यादीवर, कॅपच्या म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांतून. इथे बारावीचे ५२ आड येत नाहीत, ही मोठी गोष्ट. पण मुंबईच्या जमनालाल बजाजसारखी संस्था हवी तर शंभराच्या अगदी जवळचं पर्सेंटाइल (शंभरातल्या किती परीक्षार्थींच्या पुढे आहात, तो आकडा) लागतं, आणि मुलाखत नसल्यामुळे फडातल्या आठ वर्षांचा तिथे काडीचाही उपयोग नाही.

दुसरी, कॅट देऊन अशा संस्था धरायच्या जिथे यादीचा उंबरा थोडा खाली आहे आणि मुलाखतीला भरपूर वजन आहे. ग्रामीण व्यवस्थापनाच्या संस्था यात येतात. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये आणंदला उभी राहिलेली इर्मा हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव.

तिसरी, दोन-तीन वर्षं एखाद्या कंपनीत कागदोपत्री नोकरी करायची आणि मग अनुभवी लोकांसाठीच्या अभ्यासक्रमाला जायचं. हैदराबादच्या आयएसबीसारख्या ठिकाणी निबंध मागतात, शिफारसपत्रं मागतात. तिथे माणूस अर्ज वाचतो. पण तिथली प्रवेश परीक्षा जीमॅट इंग्रजीतून, फी कित्येक लाखांची आणि वय वाढत चाललेलं.

चौथी वाट मालकांनी सुचवली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. "तुला व्याजाचं कळलं ना? मग ते एमबीए काय वेगळं शिकवणार? इथं राहा, निम्मी भागी देतो." अमोल तीन आठवडे यावर विचार करत होता. शेवटी म्हणाला, छत्तीस टक्के मला पाच वर्षांनी दिसले. अजून काय काय दिसत नसेल?

दुसरी वाट मुख्य आणि पहिली सोबतीला, असं ठरलं. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. ज्याचे गुण कमी आणि काम मोठं, त्याने नावावरून संस्था निवडू नये. आपला अर्ज कोणत्या टप्प्यावर माणसाच्या हातात पडतो आणि तिथपर्यंत आपण टिकतो का, हे आधी बघावं. आमची चूक पुढे झाली.

पहिली फेरी

२०२२ ची कॅट २७ नोव्हेंबरला होती. दोन तासांत ६६ प्रश्न, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. नोव्हेंबर म्हणजे फडाचा भर हंगाम. अमोल रात्री दोनला खेळ आटपून, गल्ला मोजून, पहाटे ट्रकमध्ये मोबाइलवर उतारे वाचायचा. पर्सेंटाइल आलं ७१. आकडेवारी आणि तर्काच्या विभागात छान, इंग्रजीत फार खाली. एका खाजगी संस्थेची मुलाखत मात्र मिळाली.

अर्जातला कामाचा रकाना मी भरून घेतला: लोककला व मनोरंजन क्षेत्रात कार्यक्रम व्यवस्थापक. त्यात खोटं काही नव्हतं, पण शब्द मुद्दाम निवडलेले होते. मला वाटलं, पुण्या-मुंबईचे परीक्षक 'तमाशा' हा शब्द वाचून आधीच मत बनवतील. त्याला विचारायचीही गरज मला वाटली नाही. तोही हो म्हणाला, कारण त्याला तीच सवय होती.

मुलाखत मार्चच्या सुरुवातीला झाली. पाडवा २२ मार्चला होता, नारायणगावला राहुट्या लागलेल्या. तो एका दिवसाची सुट्टी काढून गेला. पहिला प्रश्न: "कोणत्या प्रकारचे कार्यक्रम?" तो म्हणाला, सांस्कृतिक. "म्हणजे ऑर्केस्ट्रा? लग्नं?" तो म्हणाला, लोकनाट्य. "कंपनीचं नाव काय?" नाव ऐकल्यावर एक परीक्षक हसून म्हणाले, "अहो, हा तर तमाशा फड. मग सरळ सांगा की." त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, हे अमोलनेच मला सांगितलं. पण तिथून पुढे त्याच्या तोंडून एक वाक्य धड निघालं नाही. दहा मिनिटांत बाहेर. नकार आला.

त्या रात्री तो फोनवर म्हणाला, "मॅडम, त्यांना तमाशाचं काही वाटलं नाही. मी लपवलं त्याचं वाटलं." यावर मला उत्तर नव्हतं.

दुसऱ्या फेरीआधीचं काम

आम्ही २०२३ च्या जूनमध्ये पुन्हा बसलो. या वेळी आधी कागद आणि मग अभ्यास.

अनुभवाचं पत्र मालकांनी पहिल्यांदा नाकारलं. "पोरा, कागदावर आलं की ते सरकारात जातं." त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. नव्वद माणसांचा रोख व्यवहार, उचलीच्या नोंदी. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि विषय तीनदा बदलला. मग मामा मध्ये पडले. तोडगा असा निघाला की पत्रात पगाराचा आकडा नको, कामाचं वर्णन हवं: कधीपासून, कोणती जबाबदारी, किती माणसं, किती खेळ. त्याच महिन्यापासून अमोलचा पगार बँकेत जमा व्हायला लागला आणि त्याने प्राप्तिकराचं विवरण भरलं. आधीचे पुरावे म्हणून यात्रा कमिट्यांशी झालेली करारपत्रं काढली. त्यांतल्या एकवीस करारांवर फडातर्फे अमोलची सही होती. सूत्रासाठी यांतलं फारसं काही उपयोगी नव्हतं, पण मुलाखतीच्या टेबलावर ठेवायला होतं.

वहीचा प्रश्न नाजूक होता. तीच त्याचा खरा पुरावा. पण तिच्यात कलावंतांची नावं होती आणि कोणावर किती उचल बाकी, हेही. मूळ वही दाखवली तर दुसऱ्यांची घरं उघडी पडणार. अमोलनेच ठरवलं की एका हंगामाची पानं हाताने उतरवायची, नावांच्या जागी आकडे टाकायचे आणि मालकांना दाखवून मगच न्यायची. अकरा पानं उतरवायला त्याला चार दिवस लागले.

ती उतरवताना एक गोष्ट हाती लागली. यात्रा तिथीवर ठरतात. चैत्र पौर्णिमेला दहा गावं एकच रात्र मागतात आणि चार दिवसांनी फड रिकामा बसतो. पूर्वी मालक ओळखीवर एकच दर सांगायचे. अमोलने २०१८ पासून पौर्णिमेचा दर चढा ठेवला आणि आडव्या तारखेला त्याच वाटेवरच्या गावाला कमी दरात खेळ दिला, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या खेळासकट, ज्याला हजेरी म्हणतात. डिझेल वाचलं, रिकाम्या रात्री कमी झाल्या. त्याने हे कुठे शिकलं नव्हतं आणि त्याला नावही देता येत नव्हतं. मी त्याला पाठ्यपुस्तकातलं नाव सांगितलं आणि लगेच म्हटलं, मुलाखतीत ते वापरू नकोस. तू जसं सांगितलंस तसंच सांग.

इंग्रजीसाठी रोज एक संपादकीय, पाच महिने. सप्टेंबरपासून दसऱ्यापर्यंत तो अभ्यासिकेत राहायलाच आला. हंगाम सुरू झाल्यावर मालकांच्या सुनेने तिकीटबारीचा हिशेब हाती घेतला. ती बारावी पास होती, हिशेबाला पक्की, आणि इतकी वर्षं कोणी तिला विचारलंच नव्हतं.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या कॅटमध्ये ८४ पर्सेंटाइल आलं. सीईटीत ९३.

मुलाखत

तीन ठिकाणी बोलावणं आलं. त्यांतली एक संस्था ग्रामीण व्यवस्थापनाची होती, तिथली मुलाखत सविस्तर लिहिते. अर्जात या वेळी स्पष्ट शब्द होते: तमाशा फडाचा व्यवस्थापक.

पहिल्या प्रश्नावर त्याने अकरा पानं पुढे ठेवली. परीक्षकांनी विचारलं, तुमचा स्थिर खर्च किती? तो म्हणाला, "सर, रात्र रिकामी गेली तरी भट्टी पेटतेच. नव्वद माणसं जेवतात, ट्रकचा हप्ता जातो." मग दिवसाचा आकडा सांगितला आणि कोणत्या दराखाली खेळ दिला तर तोटा, तेही. पौर्णिमेच्या दराचं सांगितल्यावर दहा मिनिटं ते तिथेच रेंगाळले.

नंतर एका परीक्षक बाईंनी विचारलं, उचल म्हणजे माणसाला बांधून ठेवणंच ना? या प्रश्नाची आम्ही तयारी केली नव्हती. अमोल आधी म्हणाला, पावसाळ्यात कलावंतांना दुसरा आधार नसतो, उचल नसेल तर चूल पेटत नाही. बाई म्हणाल्या, ते समजलं, पण माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो मॅडम. उचल फिटेपर्यंत माणूस दुसऱ्या फडात जाऊ शकत नाही. आणि ती फिटली की नाही, हे वही सांगते. वही माझ्याकडे होती."

पुढचा प्रश्न होता बायकांच्या सुरक्षिततेचा. एका गावात दारू प्यायलेल्या टोळक्याने कनातीत घुसायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने सुरुवातीचा गण झाल्यावर खेळ थांबवला, सुपारी परत केली आणि रातोरात मुक्काम हलवला. मालक दोन महिने बोलले नव्हते. त्या हंगामापासून कलावंत बायकांसाठी मागच्या बाजूला वेगळी वाट ठेवायला लागले, तिच्यापाशी रात्रभर एक माणूस. "हे आधीच करायला हवं होतं," असं तो न विचारता म्हणाला.

पंचवीस मिनिटं झाली. इंग्रजीत तो तीनदा अडला. एकदा मराठी शब्दच वापरला आणि समजावून सांगितला.

निष्पत्ती

तीनपैकी एका ठिकाणी नकार. एका ठिकाणी प्रतीक्षायादी, ती पुढे सरकलीच नाही. ग्रामीण व्यवस्थापनाच्या संस्थेत प्रवेश मिळाला. सीईटीतून पुण्याचं एक महाविद्यालयही मिळत होतं आणि तिथली फी जवळजवळ निम्मी होती. त्याने दोन दिवस घेतले आणि महागडी वाट धरली. कारण विचारलं तर म्हणाला, तिथे त्यांनी मला ओळखून घेतलंय.

शैक्षणिक कर्जासाठी पुन्हा कागदांचा खेळ झाला. वर्षभराचा बँकेतला पगार आणि एकुलतं एक विवरण इथे कामी आलं. पहिल्या सत्रात हिशेबशास्त्रात वर्गात वरचे गुण, संख्याशास्त्रात कसाबसा पास. उन्हाळ्यातल्या कामासाठी एका दूध उत्पादक कंपनीत गेला, संकलनाच्या वाटा आखायला. पहिल्याच आठवड्यात मला फोन केला: टँकरच्या वाटा आणि यात्रांच्या वाटा सारख्याच आहेत, फक्त दूध तिथी बघत नाही.

फडाचं काय झालं, तेही सांगायला हवं. सूनबाईंनी सगळी वही घेतली. सावकाराच्या दोन कर्जांपैकी एक पतसंस्थेकडे वळवलं, सोळा टक्क्यांवर. मालक अजून म्हणतात की अमोल गेल्यापासून नारायणगावला दर नीट मिळत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पदवीचा निकाल लागला त्या महिन्यापासून पगार बँकेत घ्यायला हवा होता. तेवढं केलं असतं तर २०२२ च्या अर्जातच मोजता येईल असा अनुभव दाखवता आला असता. असंघटित क्षेत्रातून येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे पहिल्या भेटीत सांगते, परीक्षेचं नाव काढण्याआधी.

पहिली कॅट द्यायलाच नको होती, असं मला आता वाटतं. अमोलला हे मान्य नाही. त्याच्या मते त्या दहा मिनिटांच्या मुलाखतीशिवाय तो दुसऱ्या वर्षी सरळ बोललाच नसता. असेलही. पण ती किंमत त्याने मोजली आणि सल्ला माझा होता. कामाच्या रकान्यात काय लिहायचं हे ठरवण्याआधी मी त्याला एवढंच विचारायला हवं होतं: तुला काय लिहायचंय?

उचलीच्या प्रश्नाची तयारी करून घेतली नाही याचं मात्र मला वाईट वाटत नाही. तयारी केली असती तर मी त्याला पावसाळ्याचं आणि चुलीचं उत्तर नीट घोटून दिलं असतं, आणि बाईंनी पुन्हा विचारल्यावरही तो तेच देत राहिला असता.

संख्याशास्त्राचा पाया प्रवेशाआधीच्या तीन महिन्यांत घालता आला असता. त्या तीन महिन्यांत तो यात्रा करत होता. चैत्र पौर्णिमेला तो फडातच होता. सकाळची हजेरी संपल्यावर हिशेब मिटवून त्याने वही सूनबाईंच्या हातात दिली, आणि शेवटच्या पानावर दोघांनी सही केली.